कुसळ, कोन आणि गोळी

पाऊस सरला की टेकड्यांवरचं गवत हिरव्याचं तांबूस होतं आणि दिवाळीच्या सुमाराला सोनेरी. लांबून सुंदर दिसतं. जवळ गेलं की त्यातलं कुसळी गवत पायमोज्यांत घुसतं आणि घरी येऊन तासभर एकेक कुसळ उपसत बसावं लागतं. या कुसळाची रचना बघण्यासारखी आहे. टोकाला सुईसारखा अणकुचीदार दाणा, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे पिळदार शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, सुकली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून दाणा गिरमिटासारखा जमिनीत शिरतो. मागे वळलेल्या केसांमुळे तो फक्त पुढे सरकतो, मागे येत नाही. जमिनीसाठी केलेली ही सोय कुत्र्याच्या डोळ्यातही तितकीच चोख चालते.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपण म्हणतो. कुत्र्याच्या बाबतीत कुसळही दिसत नाही. कुत्र्याला नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. एरवी ती आत दडलेली असते, डोळा दुखला की वर सरकून अर्धं बुबुळ झाकते. कुसळ नेमकं तिच्या मागे जाऊन बसतं. वरून डोळा नुसता लाल आणि पाणावलेला दिसतो. आत मात्र प्रत्येक उघडझापीला एक टोकदार काडी बुबुळावरून फिरत असते.

डोळ्याला इजा झाली हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. एकच डोळा किलकिला, एकाच गालावर पाण्याचा ओघळ, पंजाने चोळणं, सोफ्याच्या कडेला तोंड घासणं, उजेडाकडे पाठ करून बसणं. दोन्ही डोळे थोडे लाल आणि कुत्रा मजेत असेल तर सकाळपर्यंत थांबता येतं. एकच डोळा मिटलेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बुबुळावर निळसर-पांढुरकी झाक आली असेल, पिवळट-हिरवी चिपडं येत असतील, बुबुळाच्या मध्यावर काळपट-तपकिरी मण्यासारखं काही चिकटलेलं दिसत असेल, तर त्याच तासाला. तो मणी म्हणजे घाण नव्हे. बुबुळाला भोक पडून आतला रंगीत पडदा त्यात येऊन अडकलेला असतो. एका अर्थी तो भोकाला बसलेलं बूच असतो. कापसाने तो ‘पुसून काढायचा’ प्रयत्न केला तर डोळा रिकामा होऊ शकतो.

बुबुळावरची काच, म्हणजे कॉर्निया, जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही, नाहीतर आरपार दिसलंच नसतं. पण नसांचं जाळं मात्र दाट, आणि तेही वरच्या थरात. त्यामुळे वरवरचा ओरखडा प्रचंड दुखतो आणि खोल खड्डा त्या मानाने कमी दुखतो. उपचार नीट न करता दोन-तीन दिवसांनी ‘आता उघडतोय की डोळा’ म्हणून घरातले निर्धास्त होतात. तेव्हा तो बरा होत असेल किंवा खोल गेलेला असेल. नुसत्या नजरेने यातलं काहीच ठरत नाही.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी ०.९ टक्के सलाइनची बाटली आणायची आणि तिच्या धारेने डोळा नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला धुवायचा. पुसायला गॉज घ्यायचा, कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. रांगोळी, गुलाल, धूळ, शाम्पू गेला असेल तर एवढ्याने बराच आराम पडतो. चुना गेला असेल तर मात्र थांबायचंच नाही. तंबाखूच्या चुन्याची डबी कुत्र्याने चावून फोडली, रंगकामाच्या बादलीत तोंड घातलं, असं घडतं. चुना अल्कधर्मी. आम्ल पृष्ठभागावर जाळतं आणि बहुधा तिथेच थबकतं, अल्कली आत झिरपत राहते. अशा वेळी सलाइन शोधायला धावू नये. नळाचं स्वच्छ पाणी घेऊन वीस ते तीस मिनिटं घड्याळ लावून धुवत राहायचं, पापण्यांच्या आत अडकलेले कण निघेतो, आणि मग निघायचं.

पग, शित्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा डोळा झटापटीत किंवा मानगूट जोरात ओढल्याने खोबणीतून बाहेरच येऊ शकतो. तो बोटाने आत ढकलायचा नाही. सलाइनने भिजवलेला गॉज वर ठेवायचा, वाटेत तो सुकू द्यायचा नाही, कुत्र्याचे पंजे धरून ठेवायचे आणि सरळ दवाखाना. यात जाणारा प्रत्येक तास नजरेतून वजा होतो.

आता जे करायचं नाही ते. गुलाबपाणी, मध, दुधाची धार, एरंडेल, हळदीचं पाणी, यातलं काहीही नको. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं ते माणसाने, कुत्र्याच्या डोळ्यात तेल घालू नये. पण या सगळ्या घरगुती उपायांपेक्षा धोक्याची वस्तू फ्रिजच्या दारात असते. घरातल्या कुणाचे तरी मागे डोळे आले होते, तेव्हाची अर्धी उरलेली ड्रॉप्सची बाटली. तिच्यात अँटिबायोटिकच्या जोडीला बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड असतं. लेबलावर ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि बाटली अगदी साध्या ड्रॉप्ससारखी दिसते. घातल्यावर लाली झपाट्याने उतरते, म्हणून घरातले खूश. पण कॉर्नियावर जखम असताना स्टेरॉइडने ती भरायची थांबते, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि ऊतक विरघळवणाऱ्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमचा, जोर वाढतो. दोन दिवसांत काच जेलीसारखी मऊ पडून ओघळू लागते. व्हेट याला ‘मेल्टिंग अल्सर’ म्हणतात, आणि हे नाव शब्दशः खरं आहे.

मग स्टेरॉइड वाईटच का? इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. आपल्याकडे कुत्र्याचा डोळा लाल होण्याचं एक मोठं कारण इजेत नसून गोचिडांत आहे. गोचीडतापात डोळ्याच्या आत सूज येते, कधी बुबुळामागे रक्त साचतं, डोळा लाल आणि किलकिला होतो. बाहेरून पाहिलं तर हुबेहूब मार लागल्यासारखा. त्या आतल्या सुजेवर, कॉर्निया अखंड असेल तर, डॉक्टर स्टेरॉइडचेच ड्रॉप्स देतात. लाली तीच, डोळा तोच, आणि एकाला जे औषध तारतं ते दुसऱ्याचा डोळा फोडतं. दोघांतला फरक सांगते ती कागदाची एक नारिंगी पट्टी.

त्या पट्टीवर फ्लुओरेसिन नावाचा रंग असतो. १८७१ साली अडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रथम तयार केला. पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून डोळ्याला टेकवतात, जादा रंग धुऊन टाकतात आणि निळा उजेड टाकून बघतात. कॉर्नियाचा वरचा थर पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे त्यावर रंग टिकत नाही. जिथे तो थर खरवडला गेलाय तिथे खालचा थर रंग शोषतो आणि झगझगीत हिरवा दिसतो. आणखी एक खुबी आहे. जखम इतकी खोल असेल की शेवटचा पातळ पापुद्राच उरलाय, तर तो पापुद्रा रंग घेत नाही. कडेने हिरवं कडं आणि मध्ये स्वच्छ काळं, असं चित्र दिसतं. नवख्याला वाटावं की मधला भाग भरून आला. खरं तर तो फुटायच्या बेतात असतो. तपासणी पाच मिनिटांची, खर्च किरकोळ. लाल डोळ्याच्या कुत्र्याला या रंगाशिवाय ड्रॉप्स लिहून मिळाले तर ‘रंग घालून बघणार का?’ असं विचारायला संकोच करू नये. कुसळाची शंका असेल तर तेही बोलून दाखवावं. मग डॉक्टर भुलीचा थेंब टाकून तिसरी पापणी चिमट्याने उचलून मागे बघतात. हा भुलीचा थेंब इतका झटपट काम करतो की तो घरी मागायचा मोह होतो. देत नाहीत आणि देऊही नये, वारंवार घातला तर तो स्वतःच वरचा थर मारतो.

घरी येताना हातात साधारण हे असतं. अँटिबायोटिक ड्रॉप्स दिवसातून चार ते सहा वेळा. ओलाव्यासाठी जेल किंवा कृत्रिम अश्रू. दुखणं जास्त असेल तर ॲट्रोपिन, दिवसातून एक-दोनदा. आतला स्नायू आवळून धरल्याने जी कळ येते, ती याने सुटते. पोटातून एक वेदनाशामक, कधी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. आणि मानेभोवती बसवायचा प्लास्टिकचा कोन.

या यादीत सगळ्यांत महत्त्वाचा कोन, आणि सगळ्यांत आधी काढला जातो तोही कोनच. बिचारा दाराला आपटतो, पाणी सांडतो, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो, घरातल्यांना बघवत नाही. पण रात्रभराच्या चोळण्याने जे नुकसान होतं ते आठवड्याच्या ड्रॉप्सने भरून येत नाही. कोनाची कड नाकाच्या टोकाच्या दोन-तीन इंच पुढे गेली पाहिजे. मानेशी दोन बोटं सहज जातील एवढी ढील हवी. त्याहून सैल असेल तर कुत्रा पुढच्या पायाने तो उलटा पाडतो. कापडी मऊ कोन आणि हवा भरलेलं कडं पोटाच्या टाक्यांना ठीक, डोळ्याला कुचकामी, पंजा सहज पोचतो. जेवताना कोन काढला तरी चालेल, पण समोर बसून, नजर न हटवता. नाहीतर अरुंद भांडं पाटावर किंवा दोन विटांवर ठेवावं, कोनाची कड भांड्याच्या भोवतीने खाली उतरते आणि कुत्रा न काढता जेवतो. फिरायला नेताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. मान आवळली की डोळ्यातला दाब वाढतो, आणि खोल जखमेला तेवढा दाब पुरतो. ॲट्रोपिनने बाहुली मोठी होऊन काही दिवस तशीच राहते, म्हणून भर उन्हात नेऊ नये, घरातला पडदा अर्धा ओढलेला बरा.

ड्रॉप्स घालताना लोक समोरून वाकतात. एका हाताने जबडा, दुसऱ्या हातात बाटली, आणि कुत्र्याला दिसतं काय, तर दुखऱ्या डोळ्यावर चाल करून येणारं टोक. तो मागे सरकणारच. मागे भिंत लागली की मान झटकणार, आणि त्याही पुढे गेलं की दात दाखवणार. यात त्याची काही चूक नाही.

मागून जायचं. जमिनीवर गुडघ्यांवर बसून कुत्र्याला दोन मांड्यांमध्ये पाठमोरा बसवायचा, म्हणजे त्याला मागे सरकायला तुमच्याच पोटाचा आधार राहतो. छोटा असेल तर टेबलावर टॉवेल अंथरून, शेपटी तुमच्याकडे. त्याआधी बाटली मिनिटभर मुठीत धरायची. काही ड्रॉप्स फ्रिजमध्ये ठेवावे लागतात आणि गार थेंब औषधापेक्षा जास्त दचकवतो. एक हात हनुवटीखाली, नाक छताकडे. बाटली धरलेल्या हाताचा तळवा त्याच्या कपाळावर टेकवायचा आणि त्याच तळव्याने वरची पापणी किंचित मागे ओढायची. ही टेकण फार महत्त्वाची. डोकं हललं तर हातही त्याबरोबर हलतो आणि बाटलीचं टोक डोळ्यात घुसत नाही. एक-दोन सेंटिमीटर वरून एक थेंब, बुबुळावर नेम न धरता पांढऱ्या भागावर. एकच. थेंब साधारण ४०-५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात तेवढाही मावत नाही, दुसरा सरळ गालावरून ओघळतो. हनुवटी अर्धा मिनिट तशीच धरायची, मग सोडायची आणि लगेच काहीतरी आवडीचं तोंडात.

दोन वेगवेगळ्या ड्रॉप्समध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. मलम असेल तर सगळ्यांत शेवटी, कारण त्याच्या तेलकट थरावर थेंब ठरत नाही. मलमाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा खालच्या पापणीच्या आत सोडला की पुरे. भोक पडल्याची शंका असलेल्या डोळ्यात मलम घालत नाहीत, तेल आत गेलं तर आतून सूज येते.

ॲट्रोपिन घातल्यावर काही कुत्री तोंडाला फेस आणतात आणि घरात घबराट उडते. ते विष नव्हे, चव आहे. डोळ्यातून नाकात उतरणाऱ्या बारीक नळीवाटे थेंब घशात पोचतो आणि तो कमालीचा कडू असतो. थेंबानंतर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने अर्धा मिनिट हलका दाब दिला तर नळीत कमी उतरतो. तो दाब हाडावर द्यायचा, बुबुळावर नाही.

अँटिबायोटिक दिवसातून सहा वेळा, जेल चार वेळा, ॲट्रोपिन दोनदा. बेरीज बारा. आठवड्याला चौऱ्याऐंशी वेळा त्या जनावराच्या तोंडाशी हात जाणार. त्यातले पहिले पाच कसे गेले यावर उरलेले एकोणऐंशी ठरतात. एका डोळ्याने त्याला दिसत नाहीये किंवा अंधूक दिसतंय. त्या बाजूने न बोलता आलेला हात त्याच्यासाठी अंधारातून आलेला असतो. म्हणून आधी नाव घ्यायचं, मग चांगल्या डोळ्याच्या बाजूने जायचं, मग खांद्याला हात, आणि मग डोकं. शिवाय दिवसातून पाच-सात वेळा ड्रॉप्स न घालताच हीच सगळी बैठक करायची. मांड्यांत बसवायचा, हनुवटी उचलायची, खाऊ द्यायचा, सोडून द्यायचा. वेळ वाया गेल्यासारखं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी कुत्रा पलंगाखाली पळत नाही. घरात दोन-तीन माणसं असतील तर फ्रिजवर कागद लावून वेळ लिहावी आणि टिकमार्क करावी. ‘मला वाटलं तू घातलास’ या एका वाक्यापायी बरेच थेंब चुकतात.

गोळ्या कशाला, असा प्रश्न रास्त आहे. कॉर्नियात रक्तच नाही म्हटल्यावर पोटातलं औषध तिथे पोचणार कसं? बहुतेक पोचतच नाही. म्हणून जखमेचं खरं औषध थेंबच, ‘एक इंजेक्शन द्या आणि मोकळे करा’ हा मार्ग डोळ्याला नाही. गोळी असते वेदनेसाठी, आतल्या सुजेसाठी किंवा मूळ कारणासाठी. वेदना कमी झाली की चोळणं कमी होतं, हा तिचा मोठा उपयोग. डॉक्सिसायक्लिनची गंमत वेगळी. ते अश्रूंतून उतरतं आणि काच विरघळवणाऱ्या विकरांना आवर घालतं, आणि गोचीडतापावरही मुख्य औषध तेच. वेदनाशामक मात्र डॉक्टरांनी लिहिलेलं आणि तेवढंच. आपली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडं बिघडवतात. ‘अर्धीच दिली’ हा बचाव तिथे चालत नाही.

गोचीडतापाचा कोर्स धरला तर २० किलोच्या कुत्र्याला साधारण १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, २८ दिवस. छप्पन्न गोळ्या. पहिल्या दोन दिवसांत फसवणूक उघडी पडली तर पुढच्या बावन्न गोळ्या कुस्ती खेळून द्याव्या लागतात. आणि डोळ्यात खोल जखम असताना कुस्ती परवडत नाही. धडपडीत वाढलेल्या दाबानेच डोळा फुटू शकतो.

सगळ्यांत वाईट पद्धत म्हणजे गोळी कुटून जेवणाच्या भांड्यात मिसळणं. कुत्रा अर्धं खातो, अर्धं ठेवतो, आणि किती औषध गेलं हे कुणालाच कळत नाही. वर जेवणाच्या भांड्यावरचा त्याचा विश्वास जातो तो निराळाच. मेट्रोनिडाझोलसारखी गोळी तर कुटली की इतकी कडू की तोंडातून फेसाच्या तारा लागतात. पँटोप्राझोलवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं, कुटल्यावर ते औषध औषध राहत नाही. गोळी अर्धी करायला सांगितली असेल तर कापलेली कड कडू लागते. रिकामी जिलेटिनची कॅप्सूल मिळाली तर तुकडा तिच्यात घालावा, नाहीतर तुपाचा हात फिरवावा.

लपवायचीच तर नीट लपवावी. हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी गोळी खाऊच्या बोराएवढ्या घासात जाते, लाडवाएवढा घास केला तर कुत्रा चावतो, आणि चावला की संपलं. गिळला जाईल असा, बुळबुळीत, उग्र वासाचा घास हवा. उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा बलक तुपात मळून, रताळं, केळं. कोरड्या पोळीचा तुकडा नको, घशात अडतो आणि गोळी गालात उरते. कांदा-लसूण घातलेल्या रश्शात बुडवलेलं काही नको. मनुका नको. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरचे घटक वाचा. ‘शुगरफ्री’ प्रकारांत झायलिटॉल असू शकतं, कुत्र्याची साखर त्याने धाडकन उतरते.

आणि पनीर. कुत्र्याला गोळी म्हटलं की आपल्याकडे हात पनीरकडे जातो, किंवा दह्याकडे. एरवी चालेल, डॉक्सिसायक्लिनला नको. दुधाच्या पदार्थातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि अंगी लागणारं औषध घटतं. तेच रक्तवाढीच्या लोहाच्या टॉनिकचं आणि अँटासिडचं. गोचीडतापात डॉक्सिसायक्लिन आणि लोहाचं सिरप बरोबरच लिहून दिलेलं असतं आणि घरातले सोयीसाठी दोन्ही एका दमात देतात. दोघांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

गोळी हाताळलेल्या बोटांना वास येतो, म्हणून एका हाताने गोळी भरायची आणि दुसऱ्या हाताने घास द्यायचा. तीन घासांची युक्ती जुनी आणि खात्रीची. पहिला घास रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा रिकामा. तिसरा घास नाकासमोर दिसत असतानाच दुसरा द्यायचा, म्हणजे तो चावत बसत नाही. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला शेजारी बसवून त्यालाही रिकामा घास द्या. स्पर्धा लागली की चौकशी कमी होते. आणि दिवसभरात गोळी नसलेले असेच घास दोन-तीनदा देत राहा, गोळीच्या वेळीच काळीज मिळतं हे कुत्र्यांना फार लवकर कळतं.

एवढं करूनही गोळी जमिनीवर चाटूनपुसून स्वच्छ परत मिळाली, तर हाताने द्यावी लागते. वरचा जबडा वरून धरायचा, अंगठा एका बाजूच्या सुळ्यामागे आणि मधलं बोट दुसऱ्या. तिथे दातांत फट असते, बोट चावलं जात नाही. नाक थोडं वर केलं की खालचा जबडा आपोआप सैलावतो. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत गोळी, आणि त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालचे पुढचे दात दाबून तोंड उघडायचं. गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर, बरोबर मध्यावर ठेवायची. बाजूला पडली तर गालात जाते, पुढे पडली तर बाहेर येते. तोंड मिटवून नाक पुन्हा सरळ पातळीत आणायचं. छताकडेच ठेवलं तर त्याला गिळता येत नाही आणि ठसका लागतो. गळ्यावरून हलका हात फिरवायचा किंवा नाकावर फुंकर मारायची. त्याने नाक चाटलं की गोळी गेली. नाही चाटलं तर गालात बोट घालून बघा. पग-शित्झूचं नाक फार वर करू नये, त्यांचा श्वास आधीच अडचणीत असतो. खोल जखमेत ही पद्धत आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ते पातळ औषध लिहून देऊ शकतात.

गोळीनंतर बाजूने, गालाच्या पिशवीत सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी, किंवा दोन घास जेवण. डॉक्सिसायक्लिनला हे हवंच. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून बसली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर द्यावी, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम कधीच नाहीत.

साधा ओरखडा तीन ते सात दिवसांत भरतो. वरच्या थराच्या पेशी कडेने सरकत येऊन उघडा भाग झाकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हिरवा ठिपका लहान झालेला दिसतो. सात दिवसांनंतरही रंग धरत असेल तर औषध बदलण्याआधी कारण शोधायला हवं. आत अडकलेलं कुसळ, आत वळलेली पापणी, पापणीच्या आतल्या बाजूला उगवलेला एखादा केस, कोरडा डोळा. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची पापणी झोपेतही पुरती मिटत नाही, त्यांचा बुबुळाचा मध्य रात्रभर उघडा पडतो. उतारवयातल्या कुत्र्यांत, बॉक्सरमध्ये तर विशेष, नवा थर येतो पण खाली चिकटतच नाही, कडा सुट्या सालपटासारख्या राहतात. तिथे नुसते ड्रॉप्स बदलत राहून महिने जातात. डॉक्टरांना तो सुटा थर खरवडून काढावा लागतो.

खोल जखमेत कडेकडून बारीक लाल वाहिन्या मध्याकडे चालत येताना दिसतात. घरातल्यांना वाटतं डोळा आणखी बिघडला. त्या रसद घेऊन येत असतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. त्यांचं भय बाळगू नये. भय बाळगायचं ते पिवळट झाक, मऊ पडलेली कड आणि दाटसर ओघळ यांचं. काच विरघळू लागली असेल तर ड्रॉप्स दर एक-दोन तासांनी, रात्रीही. शिवाय कुत्र्याचंच रक्त काढून, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करून त्याचे थेंब घालतात. त्या द्रवात विकरांना रोखणारी द्रव्यं आयती असतात. तो फ्रिजमध्ये ठेवायचा, टोकाला हात लावायचा नाही आणि डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीनंतर फेकायचा, त्यात जंतू झपाट्याने वाढतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारे विचारतात, दिवसातून एकदाच भेटतो, काय करावं? एकदाच मलम घातल्याने डोळा वाचत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. त्याला आठवडाभर कुठेतरी ठेवावं लागतं. निवारा, एखाद्याची गच्ची, पार्किंगमधला कोपरा, काहीही. कधी डॉक्टर तिसरी पापणी वर ओढून तात्पुरती शिवून टाकतात. संरक्षण मिळतं, पण आत काय चाललंय ते टाके काढेपर्यंत कुणाला दिसत नाही. विरघळणाऱ्या किंवा जंतू झालेल्या जखमेवर असं झाकण घालणं जोखमीचं, आणि आत कुसळ राहून गेलं असेल तर ते त्याच्यासकट शिवलं जातं.

कोन कधी काढायचा हे कुत्र्याच्या आनंदावरून ठरवू नये. पुन्हा एकदा नारिंगी पट्टी, निळा उजेड, आणि कुठेही हिरवं नाही, त्या दिवशी कोन उतरतो. कॉर्नियावर धुरकट डाग राहील, काही महिन्यांत तो फिका होतो, थोडा कायमचाही राहतो, आणि कुत्र्याचं त्यामुळे काही अडत नाही. पाऊस सरल्यावर टेकडीवरून आलात की नख्यांच्या मधल्या फटी, कान, आणि दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे एकदा उजेडात बघत जा.

आणि उरलेल्या बाटल्या. फोडल्यापासून साधारण २८ दिवसांनी ड्रॉप्स निकामी धरतात, म्हणून फोडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहायची आणि मुदत संपली की बेसिनमध्ये न ओतता कचऱ्यात टाकायची. फ्रिजच्या दारात ठेवायची नाही. पुढच्या वर्षी पुन्हा डोळा लाल होईल, रात्रीचे अकरा वाजलेले असतील, आणि कुणाचा तरी हात तिथेच जाईल.